कोर्टाबाहेर टाइप झालेलं माझं प्रपोजल

माझं एम.फिल.चं प्रपोजल नाशिकला कोर्टाबाहेर टाइप झालं होतं... हो, कोर्टाबाहेरच! ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मराठी टायपिंग झटपट करून देणारी माणसं तेव्हा तिथेच, पत्र्याच्या शेडखाली बसायची.

विषय होता नाशिकच्या फुलबाजारातल्या बायका. माझी आई त्यांच्यातलीच. मळ्यातली शेवंती आणि झेंडू घेऊन ती रोज बाजारात बसायची, आणि सुट्टीत मी तिच्याजवळ.

तिथे मी एक गोष्ट नेहमी पाहायचे. शेजारणीची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाली नसेल तर आई आपल्याकडे आलेलं गिऱ्हाईक तिच्याकडे पाठवायची. सगळ्याच जणी असं करायच्या... आणि त्यात उपकाराचा आव अजिबात नसायचा.

एकाच बाजारात तोच माल विकणाऱ्या बायका हा नियम का पाळतात, पुणे विद्यापीठात एम.फिल. करून मला तेच शोधायचं होतं. कॉलेजातले सर म्हणाले, हा काय विषय आहे? एखादा ग्रंथ घ्या, संदर्भ तरी मिळतील. मी घरी आले, आराखडा पुन्हा लिहिला. विषय तोच. त्यांनी पुन्हा नाक मुरडलं, मी पुन्हा लिहिला... विषय तोच! शेवटी सरच कंटाळले आणि शिफारसपत्रावर सही द्यायला तयार झाले.

इकडे घरी वेगळीच घाई. कळवणच्या एका शाळेतून माझ्या नोकरीची ऑर्डर आली होती. "यंदा पुण्याचं झालं तर झालं, नाय तर गपगुमान शाळेत हजर हो," असं अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सांगून टाकलं होतं. त्यांचंही चुकत नव्हतं. पण मला संधी ही एवढीच होती, आणि ती मी सोडणार नव्हते.

टायपिस्ट काकांचं उभं आयुष्य कोर्टाचे अर्ज टाइप करण्यात गेलेलं. मुलाखतीच्या दिवशी सकाळी लवकर, शेवटचं पान मशीनवर असताना मी सरांची सही आणायला कॉलेजात पळाले. परत आले तर कागद टाचून तयार. पुण्याची एसटी गाठायची होती, म्हणून ते तसेच पिशवीत घातले आणि धावत सुटले.

सिन्नर मागे पडल्यावर जरा निवांत वाचायला काढले... आणि शेवटचं पान मी दोनदा वाचलं. माझं वाक्य संपल्यावर काकांच्या बोटांनी सवयीने पुढचं टाइप करून टाकलं होतं. "सबब, मेहेरबानांनी वरील बाबींचा विचार करून सदर महिलांना न्याय द्यावा, ही नम्र विनंती."

हसावं की रडावं कळेना. कार्बनच्या सगळ्या प्रतींवर तेच! खाडाखोड केलेला अर्ज घेतला जाणार नाही, असं सूचनांमध्ये बजावलेलं. अर्ज आणि मुलाखत त्याच दुपारी, त्यामुळे पान पुन्हा टाइप करायलाही वेळ नव्हता. एकदा वाटलं, पुढच्या स्टॉपवर उतरून परत फिरावं. मग स्वतःलाच दटावलं... जे व्हायचं ते पुण्यात जाऊन होऊ दे.

मुलाखतीत व्हायचं तेच झालं. समितीतल्या ज्येष्ठ सरांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि सगळे खो खो हसले. "बाई, तुम्ही संशोधन करणार आहात की दावा लावणार आहात?" वर ते म्हणाले, ही ओळ काढाच, आणि जमलं तर विषयही बदला.

कुठून बळ आलं माहीत नाही. मी म्हटलं, "सर, ओळ टायपिस्टच्या सवयीने आलीय, ती काढते. विषय मात्र माझा आहे, तो काढणार नाही."

सरांच्या शेजारी बसलेल्या मॅडमनी विचारलं, एखाद्या बाईने हा भवानीचा नियम मोडला तर बाकीच्या काय करतात? खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. काहीतरी ठोकून देण्याचा मोह झाला, पण नाही दिलं. "माहीत नाही मॅडम. तेच शोधायला प्रवेश हवाय."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर थोडा वेळ कागद चाळत बसले, मग खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "खोडा ती ओळ. इथेच, माझ्यासमोर. आणि जूनमध्ये हजर व्हा." मी लगेच ओळ खोडली... घाईत रेघ वाकडीच आली!

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजारात गेले. आई गजरे ओवत होती. "काय इचारलं गं त्यांनी?" मी म्हटलं, तुमच्याबद्दलच विचारलं. तिचे हात थांबले. "आमच्याबद्दल? पुण्यात?"

हातातल्या गजऱ्याला तिने गाठ मारली. मग म्हणाली, "लिव मंग. पण नुसतं गोड गोड नको लिवू. आमी भांडतो बी लय, ते बी लिव."

लिहिलं, आई. प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण तुमच्या भांडणांचंच झालं, मॅडमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच सापडलं... आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना तेच सगळ्यात जास्त आवडलं.