कोरड्या खोलीतल्या पेट्या

कुणीही या नादाला लागावं, पण छापखान्यात कटिंग मशीन चालवणाऱ्यानं लागू नये! आमचे कटिंगकाका नेमके लागले. खेळाडूंच्या फोटोंची कार्डं. एका मोठ्या कागदावर शंभर चेहरे छापून यायचे आणि काका गठ्ठेच्या गठ्ठे कापायचे. कुणा म्हाताऱ्याला माळ्यावर जुनं कार्ड सापडलं, ते विकून त्यानं घर घेतलं, अशी बातमी पेपरात आली आणि लोकांना जे वेड लागलं म्हणता! छापखाना तीन पाळ्यांत चालू लागला.

बोनसच्या वेळी मालक म्हणाले, "रोख हवी की कार्डांच्या सीलबंद पेट्या? वीस वर्षं हात लावू नका, सोनं होईल." काकांनी पेट्या घेतल्या. एकदा नव्हे, सलग पाच वर्षं.

घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीला बारमाही ओल, भिंतीला टेकलं की पोपडा पाठीला. कार्डाला ओल लागली की कोपरे फुगतात आणि किंमत जाते, हे काकांना पाठ. म्हणून पुढच्या कोरड्या खोलीत पेट्या, फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब, पार छतापर्यंत. नवरा-बायकोचं अंथरूण मागे.

"थोडी कळ काढ गं. या विकल्या की कोरडं घर घेऊ, उन्हाच्या गॅलरीचं."

काकूंनी कळ काढली. बावीस वर्षं! पेट्यांवरची धूळही त्याच पुसायच्या, खोकत खोकत. यंदा डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "यांना त्या ओलीतून हलवा. नाहीतर पुढचं वर्ष काही खरं नाही."

काका एक पेटी उराशी धरून कार्डांच्या दुकानात गेले. दुकानदारानं सीलसुद्धा फोडलं नाही. नुसतं दाराकडे बोट दाखवलं. दार आपटू नये म्हणून तिथं तसलीच पेटी लावलेली होती.

"अहो, जुनी कार्डं महाग का? लोकांनी फेकली, हरवली, म्हणून दोन-चार उरली. तुमच्या वेळची कुणी फेकलीच नाहीत. घरोघरी पेट्या! किती छापली होती कोण जाणे."

कोण जाणे? काका जाणत होते की! एका पाळीत अडीच लाख. फळ्यावर खडूनं आकडा रोज तेच लिहायचे. दिवसभर ढिगानं कापायची आणि घरी येऊन तीच दुर्मीळ म्हणून जपायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काकांना स्वतःच्या अकलेची अशी लाज जन्मात वाटली नव्हती.

"निदान रद्दीत?"

"कार्डांवर प्लास्टिक चढवलंय, काका. रद्दीवालाही घेत नाही."

घरी येऊन काका चकार शब्द बोलले नाहीत. एकेक पेटी उचलून मागच्या खोलीत नेली आणि ओल्या भिंतीला लावून टाकली. संध्याकाळपर्यंत पुढची खोली रिकामी झाली. तिथं अंथरूण घातलं, काकूंना धरून आणलं. त्या बसल्या, दम खाल्ला, कोरड्या भिंतीवरून हात फिरवला. मग त्यांची नजर मागच्या खोलीकडे गेली आणि त्या धडपडत उठू लागल्या.

"अहो, वीतभर लांब ठेवा ना! ओल लागेल की त्यांना!"