न घडलेल्या रामेश्वराचं मावंदं

मी रामेश्वराचं दर्शन घेतलेलं नाही. तरीही रामेश्वर करून आल्याबद्दल माझ्या नावानं आमच्या रहाटणीत गावजेवण झालं, बायकांनी माझ्या पायांवर पाणी घातलं आणि एका म्हाताऱ्या आजोबांनी तर मला वाकून नमस्कार केला. (मी वीस वर्षांचा, आजोबा ऐंशीचे!) या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली, पण माझा राग उतरलेला नाही.

झालं ते असं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय प्राणिशास्त्र. आमच्या घरात तोवर अंगठ्याच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी रोज सायकल हाणत पुण्याला जायचो. त्या वर्षी कॉलेजनं आम्हा बारा जणांना दक्षिणेत सहलीला नेलं. रामेश्वराजवळ समुद्रात एक बेट आहे. बेट कसलं, चालायला लागलं की अर्ध्या तासात संपतं! पण त्याच्या चारी बाजूंनी प्रवाळाचं कुंपण. बारीक बारीक जिवांनी हजारो वर्षं खपून बांधलेलं. होडी लांबच थांबते, पुढं गुडघाभर पाण्यातून जायचं. पाण्याखाली जांभळी, पिवळी, हिरवी झुडपं. आणि ती झुडपं नव्हेतच, प्राणी! सरकारनं ते बेट राखीव ठेवलेलं. तिथून साधा शिंपला उचलायची बंदी. परतताना पहारेकऱ्यानं आमचे खिसे उलटे करून पाहिले. (माझ्या खिशात दोन सुपाऱ्या निघाल्या, त्याही त्यानं हुंगून पाहिल्या.)

देवळात जायला अर्धा दिवस शिल्लक होता. पण आमचे सर म्हणाले, “देऊळ भरतीलाही जागेवर असतं. प्रवाळ ओहोटीलाच दिसतं. उतरा पाण्यात!”

उतरलो.

सरांनी रीतसर परवाना काढून कॉलेजच्या संग्रहासाठी एक, फक्त एक, प्रवाळ मिळवलं होतं. वाळलेलं, पांढरं फेक, सोललेल्या नारळाएवढं. ते त्यांनी माझ्या हवाली केलं. “तू शेतकऱ्याचा मुलगा. ओझं कुरकुर न करता नेशील.” (मी वर्गात पहिला होतो, त्याचा उल्लेख नाही!) घरी त्याच्या आकृत्या काढायच्या आणि सोमवारी प्रवाळ आणि जर्नल दोन्ही सरांपुढं ठेवायचं. तरच जर्नलवर सही. सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर चार वर्षांची सायकल पाण्यात!

माझी चूक एवढीच, की मी घरी कार्ड टाकलं : ‘रामेश्वरजवळच्या बेटावर आहोत. सुखरूप. शनिवारी येतो.’ पोस्टमननं ते मारुतीच्या पारावर वाचून दाखवलं. ‘रामेश्वर’ म्हटल्याबरोबर आमचे चुलते तात्या यांनी हात जोडले, पारावरच्या सगळ्यांनी जोडले, आणि पुढचं कुणी ऐकलंच नाही.

शनिवारी चिंचवड स्टेशनवर उतरलो, तर बाहेर बैलगाडी, ताशा, सनई, आणि हार घेऊन तात्या!

“तात्या, लगीन कुणाचं?”

“लगीन कसलं रं! तुजी मिरवनूक हाय.”

“अवो, पन मी देवळात गेलोच न्हाई!”

“बगा,” तात्या वाजंत्र्यांकडं वळून म्हणाले, “येवडी थोरली यात्रा केली, पर गर्व हाय का पोराला? वाजवा!”

त्यांनी वाजवलं. माझा खुलासा ताशात बुडाला.

दारात आईनं पाय धुतले. मी ओरडलो, “आई, मी प्राणी बघाया गेलो व्हतो!”

“व्हय रं बाळा,” आई डोळे पुसत म्हणाली, “देवाच्या दारात आपन समदी जनावरंच की.”



आमच्या वडिलांनी, आबांनी, तर दुसऱ्याच दिवशी मावंदं ठरवलं होतं. (काशी-रामेश्वर करून आलेल्यानं गावाला जेवू घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. करून आलेल्यानं!) काळेवाडीपर्यंत सांगावे गेले होते.

“आबा, ही लोकांची फसवनूक हाय!”

“लापशी खरी हाय न्हवं?” आबा म्हणाले. “मग कसली फसवनूक?”

शिकलेल्या माणसानं असं गप्प बसावं? मी ठरवलं, भर पंगतीत खरं सांगायचं. रविवारी दुपारी पानं मांडली, लोक जेवायला लागले, आणि मी प्रवाळ दोन्ही हातांत धरून उभा राहिलो.

“मंडळी! मी यात्रेला गेलो नव्हतो. हे आणायला गेलो होतो. हा दगड नाही. हे प्राण्यांनी बांधलेलं घर आहे.”

“म्हंजी यात जीव हाय?” शेजारच्या सखूमावशीनं विचारलं.

“होता. समुद्रातला.”

तात्या ताडकन उठले. “म्हंजी शाळिग्रामावानी?”

आता शाळिग्रामात समुद्रातल्या जुन्या जिवाचा ठसा असतो, हे मला कॉलेजातच शिकवलं होतं. मी विज्ञानाचा विद्यार्थी. खोटं बोलणं मला जमेना.

“त्या अर्थानं... होय,” मी म्हणालो.

झालं! सगळी पंगत उष्ट्या हातांनीच नमस्कार करायला लागली. एक जण म्हणाला, “रामेश्वराचा देव घरला आनला राव!” मी “त्या अर्थानं, त्या अर्थानं” असं ओरडत होतो. तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात लापशीचं पातेलं दिलं आणि वाढायला पिटाळलं.

दुसरी पंगत वाढून परसात आलो, तर आबा हातोडा घेऊन बसलेले. पुढं पोतं. पोत्यावर प्रवाळाचा चुरा!

“आबा! काय केलं हे?”

“येकट्याच्याच घरात ठिवायचं व्हय? गावाचा देव हाय. उंबऱ्यामागं येक-येक तुकडा दिला.”

हजारो वर्षं लागली होती ते बांधायला! त्या पहारेकऱ्यानं माझ्या सुपाऱ्या हुंगल्या होत्या! आणि आमच्या बापानं दहा मिनिटांत सगळं उरकलं, वर मलाच विचारतो, “तुला ठिवू का येखादा?”

मी पिशवी घेऊन दारोदार निघालो. सखूमावशीनं तुकडा सहाणेवर उगाळून सुनेला पाजला होता. “जळजळ थांबली बग!” एकानं म्हशीच्या गळ्यात बांधलेला. “काढून बग, म्हस शिंगावर घील.” एकानं विहिरीत सोडलेला. मग मात्र आई मागून आली आणि पदर पसरून म्हणाली, “पोराची परीक्षा अडलीया वो.” तेव्हा लोक हलले. अंधार पडेस्तोवर पिशवीत अकरा तुकडे जमले. कोण काय टाकतंय हे बघायची मला शुद्ध नव्हती.

सोमवारी आबा फेटा बांधून माझ्याबरोबर कॉलेजात आले. सरांनी पिशवीत डोकावलं आणि खुर्ची धरली.

“सरकारनं पहारा ठेवून राखलेली वस्तू! आणि तू...”

“मास्तर,” आबा मध्येच म्हणाले, “पोराला बोलू नगा. फोडला मी. मला परीक्षंला बसवू नगा.”

सरांनी तुकडे टेबलावर काढून मोजले. मग म्हणाले, “एकेका तुकड्याची आकृती काढ. मन लावून काढलीस तर सही करीन.”

मी दोन दिवस भिंग घेऊन बसलो. अकरा तुकडे, अकरा आकृत्या. त्यातल्या एका करड्या तुकड्यावर मी भलताच खूश झालो. त्याची छिद्रं इतरांपेक्षा मोठी आणि वेडीवाकडी. मी ती मोजली, प्रत्येकाला नाव दिलं, आणि खाली दोन पानं टिपण लिहिलं की ही जात निराळी असावी. सरांनी भिंगातून पाहिलं, मान डोलावली, शेजारी ‘सूक्ष्म निरीक्षण’ असं लाल शाईत लिहिलं आणि जर्नलवर सही ठोकली.

मी परीक्षेला बसलो. पास झालो. रहाटणीतला पहिला पदवीधर! आबांनी पेढे वाटले, आणि सखूमावशी पेढा तोंडात टाकून माझ्याजवळ आली.

“पास झालास न्हवं? मग आता दे की परत.”

“काय, मावशी?”

“माजा पाय घासायचा दगूड. मी तर देव उगाळून पाजला व्हता. तुला रिकामं कसं धाडायचं, म्हनून न्हानीतला टाकला तुज्या पिशवीत. टाचा भेगाळल्या की रं माज्या!”

तो दगड मी तिला देऊ शकलो नाही. कॉलेजच्या कपाटात तो काचेखाली ठेवलेला आहे, आणि खालच्या चिठ्ठीवर ‘शोधक’ म्हणून माझं नाव आहे, बी.एस्सी.सकट!