अर्ध्या वोल्टाचा हट्ट
बिश्केकच्या गॅरेजवाल्या गल्लीत माझं टायरचं दुकान, शेजारी बुरुलचा गाळा. वीस वर्षं ती ट्रॉलीबसच्या वायरी दुरुस्त करायची. ट्रॉलीबस बंद झाल्या, तशी मोटरसायकलच्या इंजिनात इंधन सोडणाऱ्या इंजेक्शनकडे वळली. गल्लीतल्या थोरल्या मिस्त्र्याला, मुकाशला, ते काही पचलं नाही.

जूनमध्ये नुर्दिन त्याची मोटरसायकल घेऊन आला. पाहुण्यांना डोंगरात फिरवणारा पोरगा. त्यानं इंधन कमीजास्त करणारा बाहेरचा इलेक्ट्रॉनिक डबा बसवून घेतला होता, आणि तेव्हापासून गाडी हळू चालवली की हिसके द्यायची. मुकाशनं तीन दिवस झगडून निकाल दिला.

"डबाच भिकार. काढून टाक! आणि या बुरुलकडे नेलीस, तर घाटातून ढकलत आणशील."

"मुकाशदादा, तुमचं बघून झालं ना?" बुरुल गाळ्यातून बाहेर येत म्हणाली. "मग सरका, उजेड अडतोय."

ॲक्सिलरेटरची मूठ किती पिळली ते डब्याला सांगणारा एक सेन्सर असतो. त्याच्या जोडणीत मागून पिन सरकवून तिनं मीटर लावला. मूठ पूर्ण सोडलेली, तरी काटा पाऊण वोल्टावर.

"या गाडीला अर्धा हवा. हा सेन्सर कुणी हलवला?"

"मी. अंदाजानं बसवलाय. तीस वर्षांचा हात आहे हा."

"हात चांगलाय, दादा. पण त्याला वोल्ट मोजता येत नाहीत."

नुर्दिन खुदकन हसला. मुकाश लालबुंद झाला.

तिनं स्क्रू सैल केला, सेन्सर केसभर फिरवला. स्क्रू आवळला की काटा पुन्हा सरकायचा. पाचव्या खेपेला अर्ध्यावर थांबला. मग इंजिन तापवून तिनं लॅपटॉपवरून डब्याला शिकवलं, मूठ सोडली ती इथे. इंजिन बंद केलं, चावी चालू ठेवून मूठ पार पिळली आणि शिकवलं, पूर्ण पिळली ती इथे.

"सपाटीवर कुणीही चालवेल," मुकाश गुरगुरला. "तू-अशू खिंडीच्या घाटात दाखव."

बुरुलनं शटर ओढलं. "चला. मीच चालवते."

नुर्दिन आणि मी मुकाशच्या मोटारीतून मागे निघालो. वळणावळणावर ती माणसाच्या चालीनं गाडी वळवत होती, मुद्दाम. एकदाही हिसका नाही. वर एका मेंढपाळणीच्या तंबूपाशी थांबून तिनं वाडगाभर किमीझ, घोडीचं आंबवलेलं दूध, घेतलं आणि मोटरसायकल मुकाशसमोर धरली. तो चार वळणं खाली जाऊन आला.

"आज हवा थंड आहे, म्हणून चालली," तो म्हणाला.

"मग ऊन पडलं की परत येऊ. उद्या, परवा, तुम्ही म्हणाल तेव्हा!"

त्यानंतर मुकाश त्याला न जमलेल्या गाड्या दुसऱ्यांच्या हाती पाठवू लागला. बुरुल त्या तशाच परत पाठवायची. "ज्याचं अडलंय त्यानं यावं." मी म्हटलं, अगं, काम का घालवतेस? ती म्हणाली, "घालवत नाहीये. वाट बघतेय."

जुलै सरता सरता मुकाश एक गाडी ढकलत स्वतः आला. ती दारात उभी केली.

"पिन कुठल्या वायरीला लावतेस ते बघायचंय," तो म्हणाला.

"बसा, चहा घ्या, बघा हवं तेवढं," बुरुल म्हणाली. "पिन मात्र मीच लावणार."