भंगारावर लसूण

मी एकदा एक अख्खा बँड भंगारात घातला आणि त्याच्या बदल्यात अडीच किलो लसूण घेतला. पुढे वर्षभर तो लसूण चटणीतून घरादाराला खाऊ घातला. नातवंडं हे ऐकून लोळून लोळून हसतात. हसोत बापडी. मला मात्र तेव्हाच्या माझीच अजून किळस येते. तेवीस वर्षांची, मॅट्रिक पास, शाळेत स्वागतगीताला कायम पहिल्या रांगेत उभी केलेली, आणि तेवढ्यावर संगीतातलं सगळं कळतं अशी समजूत करून घेतलेली बाई! ती आज सून म्हणून माझ्या घरात आली असती, तर मी तिला उंबऱ्यातच लसूण सोलायला बसवलं असतं आणि आत घेतलंच नसतं.

बँड होता माझ्या धाकट्या दिरांचा. भावजी उद्यमनगरात पंपाच्या जळक्या मोटारी रिवाइंड करायचे, म्हणजे त्यांत तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचे. मिशनच्या दवाखान्यातल्या एका परदेशी डॉक्टरीणबाईंचा रेकॉर्ड प्लेअर त्यांनी दुरुस्त करून दिला होता. बाई मायदेशी परत जाताना तो प्लेअर आणि चार रेकॉर्डी भावजींना देऊन गेल्या. त्यात काळ्या माणसांची गाणी होती. एक माणूस, एक गिटार, आणि एकच ओळ दोनदा. भावजी म्हणायचे, ह्याला ब्लूज म्हणतात. मी म्हणायचे, ह्याला घसा बसणं म्हणतात.

गिटार भावजींनी घरीच केली. मोडक्या पलंगाची फळी, बोटं दाबायच्या पट्ट्यांच्या जागी सायकलचे स्पोक, आणि आवाज पकडायला तारांखाली मोटारीच्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. आवाज मोठा करायला तेलाचा चौकोनी डबा. त्यात जुन्या वॉल्वच्या रेडिओची आतडी कोंबलेली आणि तोंडाशी एक स्पीकर. त्या स्पीकरचा कागद उंदरानं कुरतडला होता. माझ्या सासूबाईंनी गव्हाच्या पिठाची खळ करून त्यावर आपल्या जुन्या लुगड्याचं ठिगळ चिकटवलं होतं. त्या ठिगळातून जो आवाज यायचा, तो म्हणजे गुळाची काहील उलथन्यानं खरवडावी तसा. डब्याला हात लागला तर कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या, ते वेगळंच.

बँडात आणखी दोघं होते. शेजारी पत्र्याचं काम करणारे एक मुसलमान गृहस्थ. ते मला भाबी म्हणायचे आणि ड्रमऐवजी घमेली, डबे आणि एक फुटकं पिंप बडवायचे. गाणारे होते आमचे दूधवाले. वडणग्याच्या बाजूनं म्हशी घेऊन यायचे आणि दारात धार काढून द्यायचे. म्हशीला हाक मारून मारून त्यांचा गळा असा झाला होता की शेजारच्या गल्लीतली मांजरं पळायची. दर रविवारी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हे तिघं बसत. दूधवाल्यांचं गाणं त्यांचं त्यांनीच रचलेलं:

म्हस माझी पान्हवंना, काय करू,
म्हस माझी पान्हवंना, कुनाला सांगू,
बायकू गेली म्हायेरा आन् चरवी रिकामी.

मला ओकारी यायची. शेणाचा वास, सोल्डरिंगचा वास, त्यात ते घमेलं आणि ती म्हस. माहेरी शिरोळला आमच्याकडे रेडिओ होता. रेडिओवरची गाणी कशी मऊ, तुपात परतल्यासारखी! माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या बायका विचारायच्या, "तुमच्याकडं रविवारी भांड्याला कल्हई लावत्यात का हो?" मी लाजेनं अर्धी व्हायचे.

मे महिना होता. वर्षाची तिखट चटणी कुटून ठेवायचे दिवस. सासूबाई शाहूवाडीला भावाकडे गेल्या होत्या आणि जाताना मिरच्या निवडायच्या, खोबरं किसायचं, सगळं बजावून गेल्या होत्या. दुपारी लसूणवाला सायकलवरून ओरडत आला, "भंगारावर लसूऽऽण! पत्रा, लोखंड, भंगारावर लसूऽऽण!" माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा डबा गेला की नवा घ्यावाच लागेल. नवा आला की आवाज सुधारेल. आवाज सुधारला की माणसं सुधारतील. मी शेडमधून डबा उचलून आणला, झिणझिण्यांच्या भीतीनं पदरात धरून.

लसूणवाल्यानं तो उलटापालटा करून पाहिला. "वैनी, ह्येच्या वायरी भायेर आल्यात. चालू हाय काय ह्ये?"

"बंदच म्हणायचं त्याला," मी म्हणाले. आणि वर घासाघीस करून अर्धा किलो जास्त घेतला. शी!

संध्याकाळी भावजी शेडमधून बाहेर आले. "वैनी, डबा बघितलासा का?"

"मागचं दार उघडं होतं," मी म्हणाले. "कुणीतरी उचलला असंल."

तीन दिवस ते सायकलवरून सगळं कोल्हापूर फिरले. चौथ्या दिवशी सासूबाई आल्या, लसणाचा ढीग बघितला आणि म्हणाल्या, "एवढा लसूण कुठनं गं?" मी म्हणाले, "माहेरनं आला." म्हणजे एका डब्यापायी दोनदा खोटं. ती चटणी डंकावर कुटली गेली, बरणीत भरली गेली, आणि भावजी रोज भाकरीवर बोटभर घेऊन खात राहिले. मी समोर बसून वाढत होते आणि मला काही म्हणता काही वाटत नव्हतं.

नवा डबा आणायला मी नवऱ्याच्या मागं भुणभुण लावली. पुण्याहून आला. काळं रेक्झिन, चंदेरी बटणं, आणि त्यातलं एक बटण 'एको'चं. तोंडातून एक शब्द काढा, आतून सात निघत. मी तेवढ्यावर थांबले नाही. तिघांना पांढरी पॅन्ट आणि झालरीचा शर्ट शिवायला लावला. तोंडाला पावडर लावली. आणि म्हशीचं गाणं बंद करून नवं गाणं मी स्वतः लिहिलं. होय, तोही गुन्हा माझाच. त्यात चांदणं होतं, सखी होती, गुलाबी वारा होता. दूधवाल्यांनी तो कागद हातात धरून विचारलं, "वैनी, वारा गुलाबी कसा आसतोय?" मी म्हणाले, "कवितेत असतो."

गणपतीत आमच्या पेठेतल्या तालमीसमोर कार्यक्रम झाला. आजही डोळ्यांपुढे आलं की तोंडाला गोड चिकटा येतो, काकवी पिऊन वर पेढा खाल्ल्यासारखा. घामानं पावडरीचे ओघळ. अत्तराखालून येणारा म्हशीचा वास. पत्रेवाल्या भाऊंच्या पुढ्यात भाड्याचा चकचकीत ड्रम, आणि त्यावर ते पाहुण्याच्या घरचं कपाट उघडावं तसे भीत भीत मारतायत. दूधवाले "सखेऽ" म्हणाले की तो डबा मागून "सखे, सखे, सखे" म्हणत राहायचा. भावजींची गिटार तर धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवल्यासारखी. पुढं बसलेले तालमीचे वस्ताद दोन गाणी ऐकून उठले. जाताना एवढंच म्हणाले, "ग्वाड हाय." मागून कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, म्हस कुठं बांधली?" मांडवभर हशा झाला. मी पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसले होते आणि टाळ्या वाजवत होते. एकटीच.

दुसऱ्या दिवशी भावजींनी गिटार खुंटीला अडकवली. महिना गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली, ती तिथंच. रविवार शांत झाले. मला वाटलं, बरं झालं, ब्याद गेली. मग हळूहळू कळायला लागलं की रविवारी घरात कुणी बोलतच नाही. भावजी कामावरून यायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. पत्रेवाले भाऊ दारावरून जाताना आत बघायचे आणि निघून जायचे. एकदा मला म्हणाले, "भाबी, उसका बजाने का हात गया ना, तो फिर नही आयेगा." मी चटणीच्या बरणीचं झाकण घट्ट लावलं. का लावलं, ते तेव्हा मला कळलं नाही.

पुढचा मे आला. दुपारची जेवणं चालली होती, सगळे घरात. दारातून आवाज आला, "भंगारावर लसूऽऽण!" आणि तो शहाणा थेट ओट्यावर येऊन वाकून म्हणाला, "वैनी, मागच्या साली दिल्यालासा तसला वायरीचा डबा आनि हाय काय? औंदा लसूण लई झ्याक आणलाय बगा."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "माझ्या लुगड्याचं ठिगाळ इकलंस व्हय गं?" नवरा ताटात बघत राहिला. ताटातली चटणी भावजींनी बोटानं गोळा केली, कडेला सारली आणि उरलेली भाकरी ताकात बुडवून खाल्ली.

त्या दिवसापासून त्यांनी चटणी सोडली. नवी चटणी झाली, तिचा लसूण मंडईतून रोख आणला, तरी नाही. कोल्हापुरात माणूस चटणी खाईना म्हणजे लोक डॉक्टरला बोलावतात. मी रोज वाढायचे, ते रोज कडेला सारायचे. मग मी वाढायचंच बंद केलं.

माफी मागायची अक्कल मला नव्हती, पण उचापती करायची होती. लसूणवाल्याला गाठलं, तर म्हणाला डबा केव्हाच वितळला. तेव्हा मी ठरवलं, नवा डबा जुना करायचा. स्पीकरची जाळी काढून मी त्या कागदाला गूळ फासला आणि उंदराची वाट बघत बसले. तीन रात्री उंदीर आला नाही. मुंग्या आल्या. मग एका रविवारी सकाळी भावजी अंघोळीला गेल्यावर मी कात्री घेऊन बसले. मागून सासूबाईंचा आवाज आला, "काय करतीयास?"

"फाडतीया."

"कात्रीनं?" त्या शेजारी टेकल्या. "उंदीर काय शिंपी हाय व्हय? आण हिकडं." आणि त्यांनी दाभण घेऊन, नखं लावून त्या पुण्याच्या कागदाची अशी दशा केली की खऱ्या उंदरानं शिकवणी लावावी. मी खळ शिजवली. त्याच लुगड्याचा उरलेला तुकडा त्यांच्या गोधडीतून उसवून काढला आणि वर चिकटवला. एकोचं बटण मी सांडशीनं धरून उपटलं. ते आतून तुटल्याचा कट् असा आवाज झाला, आणि खरं सांगते, इतकं बरं मला त्या वर्षात वाटलं नव्हतं.

भावजी टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि दारातच थांबले. पुढ्यात फाटका स्पीकर, माझ्या हातात सांडशी, बोटांना खळ. मी म्हणाले, "भावजी, चोर आला न्हवता. मीच दिला डबा. आनि ह्यो बी मीच फाडला."

त्यांनी वाकून ठिगळाला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "वाळू द्या." बस्स, एवढंच. कपडे करून शेजारी गेले आणि पत्रेवाल्या भाऊंना घेऊन आले. भाऊंनी रेक्झिनचं खोकं उलटं करून हलवलं, "ये तो कफन है," म्हणाले, आणि घरून तेलाचा डबा आणून सगळी आतडी त्यात बसवून दिली. दूधवाले चरव्या ओट्यावर ठेवून तसेच आत आले, पायाला शेण तसंच.

भावजींनी खुंटीवरून गिटार काढली. तारांना गंज चढला होता. पहिल्यांदा नुसतीच घरघर झाली. मग डबा थरथरला, घमेलं वाजलं, आणि ती म्हस पुन्हा पान्हवेनाशी झाली. जुना आवाज तो नव्हताच. त्याहून वाईट होता. मध्येच खरखरायचा, मध्येच गप्प व्हायचा, लुगड्याचा तुकडा फडफडायचा, आणि दूधवाले "चरवी रिकामी" म्हणाले तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. घाण आवाज. अगदी खरा घाण. बाहेर गल्लीत माणसं उभी राहिली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी हाललंही नाही.

उन्हं डोक्यावर आल्यावर ते थांबले. बोटं लाल झालेली, अंगठ्याचं कातडं निघालेलं. भावजी हात धुऊन पाटावर येऊन बसले. मी भाकरी वाढली, झुणका वाढला, कांदा फोडून ठेवला, आणि खाली मान घालून आत वळले.

"वैनी," मागून भावजी म्हणाले, "चटणी इसरलासा की."