धाकटीची पिशवी

ऑपरेशनची हत्यारं धुऊन, पुसून वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायची, हे तिचं काम. दवाखान्यात सगळे तिला 'वाफवाली' म्हणत. "हिच्या हातून सुटला तो जंतू पुण्यवान," असं भूल देणारे डॉक्टर म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. चिमट्याच्या बिजागरीत रक्ताचा एवढासा डाग दिसला, तरी ती अख्खा ट्रे परत धुवायला घ्यायची.

अकरा वर्षांपूर्वी, बत्तिसाव्या वर्षी, याच दवाखान्यात तिची पिशवी काढली होती. दर महिन्याला दहा-दहा दिवस अंगावरून जायचं, दुखायला लागलं की ती जमिनीवर गडाबडा लोळायची. मूलबाळ नव्हतं. तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले, "जीव वाचतोय ना? मग बाकीचं सोडा." तिनं सोडलं. निदान तिला तसं वाटत होतं.

मग धाकट्या बहिणीला तेच सुरू झालं. धाकटी छापखान्यात पुस्तकांची बांधणी करायची, लग्नाला चार वर्षं झाली होती. हातातलं काम टाकून, पोट धरून तिला घरी यावं लागायचं. वाफवालीनंच तिला नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तपासणीचे फोटो उजेडात धरले. "पिशवीच्या आतलं अस्तर भिंतीत शिरून वाढलंय. पण एकाच बाजूला, मागच्या भिंतीत. तेवढा भाग कापून काढू आणि भिंत थराथरानं शिवू. पिशवी राहील. मूल होईलच अशी हमी नाही, झालं तर सगळे महिने डोळ्यांत तेल घालून जपावं लागेल. पण वाट बंद होणार नाही."

धाकटी रडायलाच लागली. वाफवालीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बाई, हे अकरा वर्षांपूर्वी होतं का हो?"

"होतं की. इथं करणारं कुणी नव्हतं, एवढंच."

एवढंच! तो शब्द तिला दिवसभर पुरला. लोकांचं बरं झालं की पोटात दुखतं म्हणतात. तिच्या पोटात तर दुखायला काही उरलंच नव्हतं, तरी दुखत होतं. लहानपणी धाकटीला नवा फ्रॉक आणि तिला त्याचं उरलेलं कापड मिळायचं, तेसुद्धा आठवलं. स्वतःचीच लाज वाटली, पण जळफळाट काही थांबेना.

संध्याकाळी ती धाकटीच्या घरी गेली आणि शांतपणे म्हणाली, "काढूनच टाक बाई. शिवलेल्या भिंतीचा काय भरवसा? माझ्याकडे बघ, कशी मोकळी आहे."

ताईचा शब्द धाकटीनं कधी खाली पडू दिला नव्हता. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई हत्यारांच्या खोलीत आल्या. "तुमची बहीण आता काढूनच टाका म्हणते. काय झालं हो एकदम?"

"मला काय माहीत?" वाफवाली म्हणाली. बाई गेल्या. तिनं तोच चिमटा तीनदा धुतला. मग एप्रन काढून खुंटीला लावला आणि सरळ छापखाना गाठला.

धाकटी पानांच्या गठ्ठ्याला सुईनं टाके घालत होती. यंत्रांच्या आवाजात वाफवालीला ओरडूनच बोलावं लागलं. "मी खोटं बोलले! मोकळी-बिकळी काही नाही मी. तुझी वाचते आणि माझी गेली, ते मला बघवेना. म्हणून सांगितलं तसं."

धाकटीचा हात थांबला. "म्हणजे मला मूल होऊ नये असं वाटलं तुला?"

"हो. वाटलं."

"जा तू इथनं."

धाकटीनं डॉक्टरीणबाईंना पिशवी ठेवायलाच सांगितलं, पण ताईशी अबोला धरला. ऑपरेशनच्या दिवशीही स्ट्रेचरवरून जाताना तिनं मान वळवली नाही. आतली सगळी हत्यारं मात्र ताईच्याच हातची होती.

तासाभरानं सिस्टर धावत आली. "रक्त थांबत नाहीये. पिशवी काढायचा सेट तयार ठेवा म्हणाल्यात बाई."

वाफवालीनं सेट उचलला. दारापर्यंतच्या त्या वीस पावलांत तिच्या मनात येऊन गेलं, होऊ दे, आम्ही सारख्या होऊ. विचार आला तसा गेला, पण आला होता. सेट देऊन ती दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली.

सेट उघडावा लागला नाही. रक्त आटोक्यात आलं, भिंत शिवून झाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "राहिली," त्या म्हणाल्या. वाफवालीनं मान हलवली. तिला रडू आलं, ते आनंदाचं की कसलं, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही.

वॉर्डात धाकटीनं डोळे उघडले. पहिलं पाणी ताईनंच चमच्यानं पाजलं. ती प्यायली, बोलली नाही.

तीन महिन्यांनी, दुपारी कामाच्या वेळी, तिचा फोन आला. "ताई, पाळी आलीय. आणि मी कामावर आहे. उभी आहे!"

"बरं झालं गं," वाफवाली म्हणाली.

पलीकडून धाकटीनं विचारलं, "अजून वाटतं का गं तुला तसं?"

"वाटतं."

"बरं. जेवायला ये रविवारी. तसं वाटलं तरी ये."

रविवारी ती गेली.