पट्ट्यावरची जाळी

समजा, तुम्ही हळदीच्या शेडमध्ये कामाला लागलात. शिजवून वाळवलेली हळकुंडं पाटीत भरायची, पाटी उचलायची आणि मोठ्या ढोलाच्या तोंडात रिकामी करायची. मोटार चालू केली की ढोल फिरतो, हळकुंडं एकमेकांवर घासतात आणि वरची साल भुकटी होऊन उडते. ती नाकात जाते, डोळ्यांत जाते. थुंकलात तर थुंकी पिवळी. शेठ मास्क देत नाही, म्हणून तुम्ही जुन्या लुगड्याचं फडकं नाकातोंडावर आवळता. गाठ पुढं मारली तर तिच्यात भुकटी साठून हनुवटी सोलते, म्हणून गाठ मानेमागं मारता. फडक्याची टोकं पाठीवर लोंबतात. आणि पाठीमागं, हातभर अंतरावर, मोटारीचा पट्टा सपसप धावत असतो. आता खाली सांडलेली हळकुंडं वेचा बरं.

वारंगा फाट्याजवळच्या त्या शेडमध्ये चतुराबाई अशीच वेचत होती. पट्ट्यानं फडक्याचं टोक ओढलं, गळा आवळला. तो सोडवायला तिनं हात मागं नेला आणि उजवा पंजा पट्टा आणि चाकाच्या मधे गेला. धावत जाऊन मोटार बंद केली ती गौसियानं. नांदेडच्या दवाखान्यात चतुराबाईचा जीव वाचला, पण त्या हातानं आता पाण्याचा तांब्याही धरता येत नाही.

गौसिया लग्न होऊन फाट्यावर आली तेव्हापासून या शेडमध्ये आहे. नवरा चाँद पाशा पंक्चर काढतो. पाटी कशी उचलायची हे तिला चतुराबाईनं शिकवलं होतं; पहिल्या बाळंतपणात डब्यातली निम्मी भाकरीही तिनंच दिली होती. पुढं कामगारांची संघटना आली तेव्हा घरोघर फिरून बायकांना सभासद करून घेतलं ते गौसियानं. "आपल्यावर वेळ आली तर आपल्या बाजूनं बोलायला कुणी तरी पाहिजे," असं ती सांगायची.

वेळ आली, आणि संघटनेचे तालुका चिटणीस माणिकराव तिच्या दारात आले.

"गौसियाबाई, ट्रेनिंग ठेवलंय. महिला कामगारांची सुरक्षा. शेठनं गोदाम दिलं, चहा-नाश्ताबी त्याचाच."

"शेठचा चहा पिऊन शेठच्याच मशिनीवर बोलायचं व्हय?"

"तसं न्हाई. चतुराबाई उभी राहून दोन शब्द बोलंल. माझी चूक झाली, तुमी पदर-फडकं आवरून काम करा, एवढंच. शेठ तिला बसून निवडायच्या कामावर परत घेतो म्हणलाय."

"आन् पट्ट्यावरच्या जाळीचं कोण बोलंल?"

"कोणती जाळी?" म्हणून माणिकरावांनी गाडीला किक मारली.

जाळी होती. मोटार आली तेव्हा पट्ट्यावर चांगली लोखंडी जाळी बसवलेली होती. पण पट्टा सारखा घसरायचा आणि दर वेळी जाळीचे नट खोलण्यात वेळ जायचा. शेठ वैतागला आणि मिस्त्री फुलसिंगला म्हणाला, काढून टाक ती कटकट.

गौसिया तणतणत चतुराबाईकडं गेली. चतुराबाई शांत होती.

"बोलून टाकते गं. बोलल्यानं हात काही आणखी जायचा न्हाई. काम तर मिळंल."

गौसिया आली तशीच तणतणत निघाली.

ट्रेनिंगच्या दिवशी सगळ्या बायका, माणिकराव आणि हिंगोलीहून आलेली प्रतिक्षा मॅडम शेठच्या ऑफिससमोरची नाली ओलांडून गोदामात गेले. प्रतिक्षा संघटनेचीच, नवीन, हुशार पोरगी. वेणी आत कशी घ्यायची, पदर कसा खोचायचा, ते तिनं करून दाखवलं.

"मॅडम," मागून सुनिता म्हणाली, "नवरा सोडून सगळं खोचलंय आमी कमरेला. पुढचं सांगा."

गोदाम हसलं. प्रतिक्षाही हसली आणि म्हणाली, "पुढचं मशिनचं आहे..."

"ते राहू द्या," माणिकराव मधेच म्हणाले. "वेळ कमी हाय. चतुराबाई, उठा."

चतुराबाई उठली. डाव्या हातानं पदर ओढून तिनं उजवा हात झाकला. "बायांनो, माझी... माझीच चूक..."

गौसिया ताडकन उठली आणि बाहेर गेली.

"जाऊ द्या, डोकं गरम हाय तिचं," माणिकराव म्हणाले.

तेवढ्यात फरशीवर लोखंड घासल्याचा कर्कश आवाज आला. गौसिया एक जाळी ओढत आत येत होती. काळा चिखल गळत होता. तिनं ती चतुराबाईच्या पायाशी आपटली.

"आता बोल आक्का, कोणाची चूक ते. ही वळखते का?"

चतुराबाईनं खाली पाहिलं. "पट्ट्याची हाय," ती हळूच म्हणाली.

"शेठनं नालीवर टाकलीय, बुटाला चिखल लागू न्हाई म्हणून! रोज तिच्यावर पाय देऊन आमी कामावर येऊन राहिलो. माणिकभाऊ, तुमीबी आत्ता तिच्यावरूनच आलात. मला म्हणले, कोणती जाळी? ही जाळी!"

"नाटक बंद करा गौसियाबाई. शेठ ऐकंल."

"ऐकू द्या ना! त्याच्यासाठीच बोलून राहिले."

प्रतिक्षा पुढं आली. "जाळी नसलेलं मशिन चालू करायचं नाही. आणि जाळी बसवून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे, कामगाराची नाही. हे मला सगळ्यात आधी सांगायचं होतं."

"मग सांगितलं काहून न्हाई?" गौसियानं विचारलं.

प्रतिक्षानं माणिकरावांकडं पाहिलं. "घाबरले," ती म्हणाली.

चतुराबाई खाली बसली. तिचं वाक्य अर्धंच राहिलं, आणि पुरं करायला तिला पुन्हा कुणी उठवलं नाही.

त्या दुपारी एकाही बाईनं मोटारीच्या बटनाला हात लावला नाही. शेठनं आरडाओरडा केला, शिव्या दिल्या, शेवटी फुलसिंगला बोलावलं. जाळी धुऊन पट्ट्यावर बसली, मगच ढोल फिरला.

चतुराबाईला मात्र शेठनं परत घेतलं नाही. गौसिया भेटायला गेली की ती चहा देते, पण पूर्वीसारखं बोलत नाही. एकदाच म्हणाली, "गौसे, माझं बसायचं काम होतं गं ते." आता आक्काला ते बसायचं काम मिळावं, तेवढ्याच एका मागणीसाठी गौसिया बायकांना घेऊन संघटनेच्या ऑफिसात जाते, आणि माणिकराव तिला पाहिलं की फोन कानाला लावतात.

जाळी निघाली तशी ऑफिससमोरची नाली उघडी पडली होती. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत शेठनं तिथं जाडजूड लाकडी फळी टाकून घेतली. रोज सकाळी कामावर जाताना गौसिया तिच्यावर पाय देते आणि तिचं डोकं पुन्हा तापतं. परवा माणिकरावांना तिनं फाट्यावर चहाच्या टपरीपाशी गाठलं आणि सगळ्यांदेखत विचारलं,

"भाऊ, नालीवर टाकायला फळी एका दुपारात सापडली. मग आक्काचा हात जायच्या आधीच फळी टाकून जाळी पट्ट्यावर काहून बसवली न्हाई?"