मंदाताईची शिशाची फौज

माझ्या मोठ्या बहिणीला तीन स्थळांनी नकार दिला, तो शिशाच्या सैनिकांमुळे.

मंदाताईला जाऊन आज वर्ष झालं. म्हणून चौथ्या स्थळाची गोष्ट सांगते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही हिंगणघाटला. बाबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये हेडक्लार्क, ताई प्राथमिक शाळेत मास्तरीण, मी कॉलेजात नावापुरती.

मामा बोटीवर नोकरीला होता. एकदा त्याने परदेशातून एक खोका आणला. आत बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक. स्पेससूट, हेल्मेट, हातात किरणांच्या बंदुका. सोबत मंगळावरच्या लढाईच्या खेळाचं इंग्रजी नियमपुस्तक.

मामाने आणले शोकेसमध्ये ठेवायला. ताईने डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वाचून काढलं आणि बाई कामातून गेली.

साइनबोर्डवाल्याकडून उरलेला ऑइलपेंट आणायची. ब्रशचे केस उपटून दोन-तीनच ठेवायची. त्या ब्रशने सैनिकाच्या डोळ्यातलं बुबुळ काढायची.

आणि कुठलाच सैनिक आहे तसा तिला चालायचा नाही. ब्लेडने याचं मुंडकं काप, त्याला लाव. रिफिलच्या तुकड्याची तोफ कर. बंद घड्याळाची चाकं पाठीवर बसव. मग सगळं पुन्हा रंगव.

तखतावर चादर घालून आम्ही लढायचो. अंतर मोजायला शिंप्याचा टेप, फासे लुडोचे. तोफेचा धूर म्हणजे कापूस, त्याची आमच्या गावाला कमतरता नव्हती.

आई त्यांना भुतं म्हणायची.

"लग्नाची घोडी झाली अन् भुतं रंगवून राह्यली!"

पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई या भुतांबद्दल स्वतःहून सांगायची. मग निरोप यायचा, "मुलगी चांगली आहे, पण..."

तिसऱ्या "पण"नंतर आईने निर्वाणीचं सांगितलं. "या वेळेस या भुतांपायी नकार आला, तं सारे रेडिओ दुरुस्तीवाल्याले देऊन टाकीन. वितळवू दे त्याले डाग द्याले."

ताई म्हणाली, "चालते."

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "आजच्या दिवस गप राय ना वं ताई. लग्न झाल्यावर सांगजो."

"लपवून लग्न केलं तं जन्मभर लपवा लागन," ती म्हणाली. "माह्याच्यानं नाई होत."

तर चौथं स्थळ. घराणं रोहण्याचं, शेतीवालं. मुलगा आर्वीला सरकारी नोकरीत. सावळा, शांत. डावा हात पँटच्या खिशात, तो पोहे खातानाही बाहेर आला नाही. मला वाटलं, काय ही ऐट!

सोबत त्याची आत्या. ती म्हणाली, "पोरीच्या हातचं काई दाखवा ना."

हे त्या काळी ठरलेलंच असायचं. आई तयारीत होती. क्रोशाचा टेबलक्लॉथ पुढे आला. आमच्या गल्लीतल्या निम्म्या मुलींची लग्नं त्याच टेबलक्लॉथवर जमली होती. विणला होता शेजारच्या काकूंनी.

आत्याबाईंनी त्यावरून बोटं फिरवली. "हात मोठा साफ आहे वो पोरीचा."

"हे माह्या हातचं नाई," ताई म्हणाली. "शेजारच्या काकूचं आहे."

आईने डोळे मिटले. बाबा पंख्याकडे पाहू लागले.

ताई आत गेली. पोह्यांचा ट्रे पुसला, त्यावर सैनिक मांडले आणि घेऊन आली.

"हे माह्या हातचं."

आत्याबाई खुर्ची मागे सरकवून बसल्या.

मुलगा मात्र वाकला. उजव्या हाताने एक सैनिक उचलला, उजेडात धरला.

"याचा हात काऊन वेगळा आहे?"

"बोटीतून येतानी तुटला होता. मंग सेफ्टीपिनचा बनवला."

"दुसऱ्या हातासारखा काऊन नाई केला?"

"तुटला तं तुटला, त्यात लपवाचं काय?" ताई म्हणाली. "आता तोच त्याचा जोरदार हात आहे. खेळात मी त्याले जास्त ताकद देली."

त्याने सैनिक जपून ट्रेवर परत ठेवला.

मग त्याने डावा हात खिशातून काढला आणि ट्रेशेजारी ठेवला. दोन बोटं नव्हती. लहानपणी कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेलेली.

"अरे!" आत्याबाई ओरडल्या. "लग्न ठरेपर्यंत हात खिशात ठेवजो म्हणलं होतं ना तुले!"

आमच्याकडे टेबलक्लॉथ, त्यांच्याकडे खिसा. दोन्ही घरं सारखीच पोचलेली.

तो ताईला म्हणाला, "हेबी पाहून घ्या."

ताईने पाहिलं. नजर चोरून नाही, नीट पाहिलं. नवा सैनिक खोक्यातून काढल्यावर पाहायची, तसं.

"ब्रश धरता येते?"

"उजव्यानं येते."

"मंग झालं."

बाबा असे हसले की आईला त्यांना कोपर मारावं लागलं. आणि मग आईलाही हसू आलं.

लग्नात रुखवतावर लाडू आणि चिवड्याच्या मधोमध अख्खी फौज उभी होती. आईने स्वतः मांडली होती. "हात नका लावू, रंग निंगते," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावत होती.

आर्वीच्या घरी भाऊजी ब्रश शिकले. बरा नाही चालायचा त्यांचा, पण मातीकाम त्यांचंच. रोहण्याच्या शेतातली काळी माती चाळून आणायचे, सैनिकांच्या पायाखाली चिकटवायचे.

मी म्हणायचे, "भाऊजी, मंगळावरची माती लाल असते."

"आमच्या वावरात काळीच निंगते," ते म्हणायचे.

आज आर्वीला वर्षश्राद्धाचं जेवण झालं. पंगत उठली आणि भाऊजींनी बैठकीतल्या टेबलावर ताईची फौज मांडली. भर दुपारी, सगळ्या सोयऱ्यांसमोर.

मी हळूच म्हटलं, "भाऊजी, लोक बसलेत."

"बसू द्या ना. ती असती तं थांबली असती का?"

त्यांनी फासे माझ्या हातात ठेवले. आम्ही खेळलो. खूप महिन्यांनी मोठ्याने हसलो. मग दोघंही रडलो, तेही सगळ्यांसमोर.

मंदाताई, तुला मनापासून नमस्कार.

तुझी फौज बाहेरच आहे.